'या' म्हणायचं नव्हतं

बांबू फाडायचा आवाज मला अजून कुठूनही ओळखू येतो. कोयत्याचा पहिला घाव टोकावर बसतो तो बारीक असतो, ऐकू आला नाही तरी चालतं. पण नंतर बांबू आपल्याच तोऱ्यात चरचरत फाटत येतो आणि प्रत्येक पेराशी पोचला की 'फट्' करून एक शिवी हासडतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात बसून बांबू फाडायचे आणि आई उंबऱ्याला पाठ लावून विणायची. फाडणं पुरुषाचं, विणणं बाईचं, अशी आमच्या घरात वाटणी होती. माझ्या मागं दोन भावंडं झाली, दोन्ही पाळण्यातच गेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. माझं काम चोया भिजत घालायचं. चोय म्हणजे बांबूची पातळ पट्टी. ती ओली असली तरच वाकते, नाहीतर मोडते. घंगाळात भिजलेल्या चोयांचा तो कच्चा, हिरवट वास माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा आणि बाकावरच्या पोरी नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या. त्यांच्या घरातलं धान्य आमच्याच सुपातून पाखडलं जायचं.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं आणि घर काष्टीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, गावाच्या अगदी शेवटी. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या रंगवून झाल्या. गावाचं नाव मात्र मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं माणसं अजून नांदतात. कोसभर फिरलं तरी बांबूचं एक बेट दिसणार नाही असा तो मुलूख, बाभळी आणि तरवड सोडून काही नाही. बांबू यायचा अकोले तालुक्यातल्या डोंगरातून, ट्रकनं कर्जतपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं घरी. जिथं बांबू उगवत नाही तिथं आपण कशाला राहतो, असं मी एकदा अण्णांना विचारलं होतं. "जिथं मानूस हाय तिथं बुरूड लागतो," एवढंच ते म्हणाले. अण्णा फार बोलत नसत. घरातलं बोलणं सगळं आईच्या वाट्याला आलं होतं, आणि तिनं ते कधी वाया घालवलं नाही.

आईच्या बोटांना कायम बारीक चिरा असायच्या. चोयीची कड पात्यासारखी असते, ती रोज कुठंतरी लागतेच. त्यामुळे ठेचा ती बोटानं कधी घेत नसे, भाकरीचा तुकडा दुमडून त्याच्या टोकानं उचलायची. हुलग्याची शेंगोळी करायची असली की पीठ मळायला आणि वळायला मी. पिठात लसूण आणि लाल तिखट असतं ना, चिरांत गेलं की जीव जातो. "तू वळ बाई, माजी बोटं बोंबलत्यात," ती म्हणायची, आणि मी वळलेल्या वाकड्यातिकड्या शेंगोळ्या बघून, "ह्या काय शेंगोळ्या हायेत का गांडुळं," अशी वर टिंगलही करायची. मग चुलीवर रस्सा उकळत असताना ती पुन्हा सूप हातात घ्यायची. रिकामा हात तिला खपत नसे. चुलीत आम्ही बांबूचे तुकडे आणि छिलके घालायचो. आमच्याकडं लोक बांबू जाळत नाहीत. बांबूला वंश म्हणतात, आणि वंश जाळला तर घराणं बुडतं असं मानतात. आम्हाला ते मानणं परवडत नव्हतं. बुरडानं छिलका नाही जाळायचा तर भाकरी उन्हावर भाजायची का?

आईच्या सुपाला नाव होतं. सूप विणायला सोपं दिसतं, पण सगळा जीव त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांत असतो. कोपरा ढिला बसला की पाखडताना दाणा तिथून निसटतो आणि बाई वैतागते. आईचा कोपरा असा घट्ट बसायचा की नव्या सुपात पाणी ओतलं तर घटकाभर टिकावं. पण तिच्या सुपाला मान होता तो पाखडण्यापेक्षा दुसऱ्याच कारणानं. पोर जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात आणि त्या दिवशी बाळाला नव्या सुपात निजवतात. त्यासाठी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बाया आईकडं यायच्या. रखमाच्या सुपातलं पोर किरकिरं होत नाही, असं कुणीतरी कधीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. बाळंतपणाची चाहूल लागली की आजी नाहीतर आत्या येऊन आधीच सांगून जायची, मग सूप न्यायला येताना खण, नारळ, पायलीभर बाजरी आणायची. ज्या बाईची स्वतःची दोन पोरं राहिली नाहीत तिच्या हातचं सूप लोक शकुनाचं मानत होते, हे मला आज चमत्कारिक वाटतं. तेव्हा वाटलं नाही. आईलाही वाटत नसावं. एखादी बाई सूप छातीशी धरून गेली की आई बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत राहायची आणि तिचा चेहरा निवायचा.

एके काळी बुरडाला कामाचा तोटा नव्हता म्हणे. धान्य ठेवायच्या कणग्या, कोंबड्या झाकायची डाली, भाकरीच्या दुरड्या, शेणाच्या पाट्या, सगळं बांबूचं. माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं एकेक गेलं. आधी पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि कणग्या संपल्या. मग प्लॅस्टिकच्या टोपल्या आणि घमेली आली, निळी, लाल, झकपक. मग प्लॅस्टिकचं सूपसुद्धा आलं. आईनं ते बाजारात हातात घेऊन वाकवून बघितलं, नखानं टकटक केलं आणि परत ठेवलं. "वारा धरत न्हाई ह्ये," ती म्हणाली. वारा धरो न धरो, बाया घेऊन गेल्या. शेवटी आमच्याकडं तीनच गोष्टींसाठी माणूस यायचा. जन्माला सूप, लग्नाला झाल, आणि मेल्यावर तिरडीचे बांबू. झाल म्हणजे लग्न लागल्यावर नवऱ्याकडच्यांच्या डोक्यावर धरतात ती दिवे ठेवलेली टोपली, वंश वाढावा म्हणून. या तिन्ही कामांना प्लॅस्टिक चालत नव्हतं. म्हणून आमची चूल पेटत होती. पण त्याचा अर्थ असाही होता, की आता लोक आमच्याकडं वस्तू न्यायला येत नव्हते, शकुन न्यायला येत होते. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिरडीचे बांबू द्यायची रीत वेगळी होती. न्यायला आलेला माणूस रामराम करत नाही, अंगणाच्या कडेला उभा राहतो आणि "दोन लांब द्या" म्हणतो. 'दोन लांब' म्हटलं की बुरडाला समजतं. कोण गेलं हे विचारायचं नाही, गावात ते आधीच कळलेलं असतं. दोन लांब बांबू आणि आडव्या बांधायला कामट्या काढून द्यायच्या, खाली बघायचं. जाणारा "येतो" म्हणत नाही. देणाऱ्यानं "या" म्हणायचं नाही. एरवी आपल्याकडं "जातो" म्हणणं अशुभ, म्हणून माणूस "येतो" म्हणतो आणि घरचे "या" म्हणतात, ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कुणी ऐकतही नाही. पण इथं ते ऐकलं जातं. पुढं मी तीस-बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली. तिथंही घरी सोडलेल्या पेशंटला आम्ही "परत या" म्हणत नसू. नवी शिकाऊ पोरगी चुकून म्हणाली की वॉर्डातल्या सगळ्या हसायच्या. मला कधी हसू आलं नाही.

मी शाळेत असतानाची गोष्ट, दिवस लगीनसराईचे होते. अण्णा बांबू आणायला कर्जतला गेले होते, म्हणून त्या दिवशी देणंघेणं सगळं आई बघत होती. एरवी तिरडीचे बांबू अण्णाच द्यायचे. सकाळपासून दारात रीघ लागलेली. कुणाला झाल हवी, कुणाला रुखवतासाठी दुरडी. आई विणत होती, बोलत होती, हसत होती, उठून जाणाऱ्या प्रत्येकीला "या हं, पाचवीला सूप न्यायला या" म्हणत होती आणि बाया लाजत होत्या. ऊन चढलं तशी गर्दी सरली. आई एक झाल पुरी करत होती आणि मी तिच्याजवळ चोया निवडत बसले होते. तेवढ्यात किसनबापू आले, मागं त्यांचा चुलतभाऊ. किसनबापू गावातले मोठे शेतकरी, बागाईतदार, बोलायला मऊ माणूस. त्यांच्या थोरल्या सुनेला दिवस गेलेले होते आणि पाचवीचं सूप त्यांच्या घरच्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. त्यांचे वडील कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होते, ते पहाटे गेले हे गावाला कळलं होतं. पिकलं पान होतं, कुणाला धक्का बसला नव्हता.

"दोन लांब दे, रखमे," किसनबापू म्हणाले.

आईनं झाल फडक्याखाली झाकली, उठली, भिंतीला लावलेले दोन सरळ बांबू निवडले, कामट्यांची जुडी बांधली आणि समोर ठेवली. सगळं रीतीप्रमाणं. चुलतभावानं बांबू खांद्यावर घेतले. दोघं वळले, चार पावलं गेले असतील. आई पुन्हा खाली बसत होती, हात झालीकडं गेला होता, नजरही तिकडंच होती.

"बरं. या, बापू," ती म्हणाली.

तोंडातून गेलं. सकाळपासून जितक्या माणसांनी पाठ फिरवली तितक्यांना तेच म्हणून जिभेला वळण पडलं होतं, दुसरं काही नाही. चुलतभाऊ थबकला. त्याच्या खांद्यावरचे बांबू मागं वळले आणि त्यांची टोकं आमच्या दाराच्या दिशेनं आली, ते मला स्पष्ट आठवतं. किसनबापूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढं नेलं. आईनं तोंडावर हात ठेवला होता. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "तू काय बगती? चोया निवड." आवाज नेहमीचाच होता, पण त्या दिवशी ती झाल पुरी झाली नाही.

महिनाही झाला नसेल. किसनबापूंचा धाकटा भाऊ भगवान विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि ओल्या पेटीचा शॉक लागून जागच्या जागी गेला. तिशीही गाठली नव्हती त्यानं. लहान मुलगी होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती फांदी दुसऱ्याच्या झाडाची असेल तोवर. मी शाळेतून आले तेव्हा घरात चूल विझलेली होती आणि आई आतल्या अंधारात भिंतीला टेकून बसली होती. अण्णा अंगणात होते. कोण येणार हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

किसनबापू एकटेच आले. ते अंगणाच्या कडेला थांबले नाहीत, सरळ उंबऱ्यापर्यंत आले. अण्णा बांबू काढायला उठले, त्यांच्याकडं त्यांनी बघितलं नाही. आत अंधारात बघत म्हणाले, "आलो, रखमे. तू या म्हनली हुतीस."

राग असता तर बरं झालं असतं. ते असं म्हणाले की जणू निरोप मिळाला म्हणून आले आहेत. आई उठून दारात आली. अण्णा म्हणाले, "बापू, चुकून गेलं वो तिच्या तोंडातनं. बाईमानूस हाय, दिसभर गिऱ्हाईक..." किसनबापूंनी मान हलवली. "मी काय म्हनतोय का काय," ते म्हणाले आणि बांबू स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेले. ते दिसेनासे झाल्यावर आई परसात गेली आणि तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरू लागली. एक तांब्या संपला, दुसरा घेतला. अण्णांनी तिचा हात धरला तेव्हा कुठं थांबली.

आमच्याविरुद्ध पंचायत बसली नाही, कुणी दारात येऊन भांडलं नाही, दगड फेकले नाहीत. तसलं काही झालं असतं तर अण्णांनी कुणाच्या तरी पायावर डोकं ठेवून मिटवलं असतं. झालं ते एवढंच, की बाया यायच्या थांबल्या. किसनबापूंच्या सुनेला मुलगा झाला आणि पाचवीचं सूप त्यांनी कर्जतहून आणलं. गाव ते बघून शहाणं झालं. नळावर बोलणं माझ्या कानावर पडायचं. बुरडीण या म्हणाली आणि मरण आलं. वंश जाळून भाकरी खाणारी माणसं ती, त्यांच्या तोंडातून दुसरं काय यायचं. तिची स्वतःची दोन का जगली नाहीत, ते आता कळलं. हे शेवटचं बोलणारीच्या दोन्ही पोरांना पाचवीला आईच्याच सुपात निजवलं होतं. मला आजही त्या बाईचं नाव घेववत नाही, आणि घेतलं तर चांगलं काही निघणार नाही.

गजराकाकू तेवढ्या वेगळ्या. त्यांचं घर आमच्या मागच्या आळीला, आईशी त्यांचं बहिणीसारखं. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली तेव्हा आईनं कुणी न सांगताच सूप विणायला घेतलं. दोन दिवस ती दुसरं काही करत नव्हती. चोया इतक्या बारीक काढल्या होत्या की सूप उन्हात धरलं तर कापडासारखं वाटावं. पाचवीच्या दिवशी आईनं ते माझ्या हातात दिलं. "काकूला म्हन, आयनं दिलंय. खन-नारळ काय बी नको," ती म्हणाली. मी गेले. आतून बाळाच्या अंगाला लावलेल्या वेखंडाचा वास येत होता. काकू ओट्यावर आल्या, सूप हातात घेतलं, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी आत जाऊन बाजरी आणली, माझ्या ओढणीत ओतली आणि सूप पुन्हा माझ्या हातात ठेवलं. "पोरी, माजं काय न्हाई गं. घरातली ऐकत न्हाईत. तुज्या आयला म्हनावं, ऱ्हाऊ दे घरात, वापरायला हुईल." मी बाजरी आणि सूप दोन्ही घेऊन परत आले. आईनं बाजरी कोंबड्यांना टाकली. सूप तिनं कुठं ठेवलं ते मला कधी दिसलं नाही.

जन्म गेला, लग्न गेलं. मरण राहिलं. त्यासाठी मात्र लोक आमच्याच दारात यायचे, कारण कर्जतपर्यंत कोण जाणार, आणि मेलेल्याचं आता काय वाईट होणार. उलट पूर्वीपेक्षा निर्धास्त यायचे. घरात येणारा पैसा तेवढाच उरला आणि मग घराची चालच बदलली. गावात कुणी म्हातारं आजारी पडलं की अण्णा न बोलता भिंतीला दोन सरळ बांबू टेकवून ठेवायचे. ते बांबू दिसले की आई अंगणातून उठून आत जायची. एकदा शेजारच्या वाडीत साथ आली, पाठोपाठ माणसं गेली, आणि त्या आठवड्यात आमच्याकडं गूळ, शेंगदाणे, रॉकेल सगळं आलं. अण्णांनी भजी करायला सांगितली. आईनं केली, आमच्या ताटात वाढली आणि स्वतः कोरडी भाकरी खाल्ली. त्या घासाची आठवण मला आजही नकोशी होते.

सुपं विणायची ती मात्र थांबली नाही. थांबता येत नव्हतं, दुसरं काही येतच नव्हतं तिला. सुपांचा ढीग आढ्याला लागला तेव्हा अण्णांनी ती काष्टीच्या बाजारात न्यायचं ठरवलं. तिथं आम्हाला ओळखणारं कोण, असा त्यांचा हिशेब. पण आमच्या भागातली माणसं बाजाराला तिथंच जातात. दुसऱ्याच बाजाराला आमच्या गावची एक बाई समोरून गेली, थांबली, आमच्या गिऱ्हाइकाच्या कानाशी लागली, आणि त्या गिऱ्हाइकानं हातातलं सूप असं खाली टाकलं, जणू चटका बसला. त्यानंतर अण्णांनी नवीन वाट काढली. आई मागं पोत्यावर बसायची, माल पुढं, आणि कुणी विचारलं तर अण्णा सांगायचे, सुपं जामखेडहून येतात, माझ्या बहिणीच्या हातची. चंपाआत्या खरोखरच जामखेडला होती आणि विणायचीही, पण तिच्या सुपाचा कोपरा तिच्या स्वभावासारखाच सैल. आईच्या सुपांना तिचं नाव लागलं. आत्याला हे कळलं तेव्हा तिला काही गैर वाटलं नाही, उलट पुढच्या भेटीला ती जरा ताठ बसली.

एका बाजारी अण्णांना ताप होता, म्हणून आई आणि मीच गेलो. दुपारपर्यंत चांगला माल गेला. मग श्रीगोंद्याकडची एक म्हातारी आली, नऊवारी, हातभर बांगड्या. तिनं सूप उचललं, उलटं केलं, कोपऱ्यात अंगठा दाबून बघितला, दुसरं उचललं, तेही तसंच बघितलं. मग आईसमोर उकिडवी बसून म्हणाली, "बाई, असला कोपरा मी माज्या आयच्या वक्ताला बगितला हुता. कुनाच्या हातचं हाय? माज्या नातीची पाचवी हाय ह्या आठवड्यात. जिनं इनलं तिची वटी भरीन मी."

आईनं ओटीसाठी कधी हात पसरला नव्हता. पण ओटी म्हटल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मी शेजारी बसून बघितलं. मला वाटलं, सांगेल. काष्टीच्या बाजारात, धुळीत, परक्या म्हातारीला सांगायला कसली भीती?

"माज्या नंदंच्या हातचं," आई म्हणाली. "जामखेडला असती. मी नुसती इकती."

म्हातारी म्हणाली, तिला माझा नमस्कार सांग. आई म्हणाली, सांगते.

त्यानंतर आईच्या तोंडून मी 'या' हा शब्द कधीच ऐकला नाही. पाहुणे निघाले की ती खाली बघायची. सोयरे नाराज झाले, आगाऊ झाली म्हणाले. मी नर्सिंगच्या शिक्षणासाठी नगरला निघाले त्या दिवशी एसटीच्या फाट्यावर मी "येते गं आई" म्हटलं, तर तिनं तोंड फिरवलं आणि अण्णांच्या हातातली पिशवी नीट बांधत राहिली. मी रागातच गाडीत बसले. इतर पोरींच्या आया खिडकीशी रडत होत्या, पुन्हा पुन्हा बजावत होत्या, आणि माझी आई पिशवीच्या गाठीशी खेळत होती. त्या रागातून मी लवकर बाहेर आले नाही.

अण्णा गेले, आत्या गेली. किसनबापूही गेले. त्यांच्या तिरडीचे बांबू आमच्याकडून गेले नाहीत, कारण तोवर कर्जतला सगळं सामान एकत्र बांधून मिळणारं दुकान झालं होतं. आई एकटी गावातच राहिली. नोकरीच्या गावी माझ्याकडं यायला तयार नव्हती. जमेल तेवढं विणायची, एक टेम्पोवाला ते शहराकडं न्यायचा. तिथं ते भिंतीवर टांगायला घेतात म्हणे. गावात प्लॅस्टिकनं सगळंच गिळलं होतं, पाचवीला सूप हवं म्हणणारीच उरली नव्हती, आणि 'या'ची गोष्ट माहीत असणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

मी निवृत्तीला आले होते त्या सुमारास पुण्याहून एक बाई आमच्या भागात यायला लागल्या. हस्तकला करणाऱ्या बायकांसाठी त्यांची संस्था काम करायची. कारागिराचं नाव वस्तूवर छापायचं, फोटो लावायचा, शहरातल्या प्रदर्शनात तिला बसवायचं, पैसा मधल्यामध्ये न अडकता थेट तिच्या हातात. दवाखान्यात त्यांची ओळख झाली आणि मीच त्यांना म्हटलं, माझ्या आईचं काम बघा. मी स्वतः त्यांना घेऊन गावी गेले. मनातल्या मनात मी आईला प्रदर्शनात खुर्चीवर बसवूनही टाकलं होतं. आई अंगणात होती. घंगाळात चोया भिजत होत्या, शेजारी चार सुपं तयार, पाचवं अर्धं. त्या बाईंनी एक सूप हातात घेतलं आणि उन्हाकडं धरून बघितलं. मग वाकून म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही विणलंत ना? तुमचं नाव सांगा."

आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई बाई. माज्या नंदंनं इनल्यात."

"त्या कुठं असतात?"

"वारली ती."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आई, अगं काय बोलतेस?" आई माझ्याकडं न बघता त्यांना म्हणाली, "मला इनायला येत न्हाई. मी नुसती चोया भिजवती." घंगाळ समोर, अर्धं सूप मांडीजवळ, पदराबाहेर राहिलेल्या बोटांच्या चिरा दिसताहेत, आणि ती असं म्हणत होती. बाई समजूतदार होत्या. चहा घेऊन त्या पुन्हा भेटू म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

मी खूप चिडले. इतक्या वर्षांचं सगळं तोंडावाटे आलं. म्हटलं, कुणाला आठवतंय आता ते? गाव विसरलं, किसनबापू मेले, तुझ्या सुपाला नाव मिळायची वेळ आली तर तू मेलेल्या आत्याचं नाव सांगतेस? लोकांना किती भिणार आहेस?

आई शांतपणे चोया निथळवत होती. तिनं अर्धं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"लोकांला कोन भितंय," ती म्हणाली. "माजं नाव लिवत्यात, अन् ते सूप कुटल्या घरात जातं कुनाला ठावं. तिथं एकादं ल्हान पोर असंल. ते निजंल त्यात, माज्या नावावर."

ती विणत राहिली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. गाडीत बाई वाट बघत होत्या. मी निथळलेली एक चोय उचलून आईच्या हातात दिली.